चौथ्या पटावरचा अर्धा गुण : बुद्धिबळ ऑलिम्पियाडबद्दल वाचकांचे प्रश्न

सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टला झालेल्या ४५व्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या खुल्या आणि महिला या दोन्ही संघांनी सुवर्णपदक जिंकलं. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बुद्धिबळाची पत्रं वाढली आहेत आणि त्यांत कोकणातली बरीच आहेत. त्याचं एक साधं कारण असावं. त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि पहिली फेरी ११ सप्टेंबरला झाली. स्पर्धेतला एकुलता एक विश्रांतीचा दिवस नेमका अनंत चतुर्दशीचा, १७ सप्टेंबरचा. बहुतेक फेऱ्या आपल्याकडच्या संध्याकाळी साडेसहाला सुरू व्हायच्या. चाकरमानी घरी, आरती आटोपलेली आणि मोबाइलवर पट उघडलेला, असा तो योग होता. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : गुणतक्त्यात भारताचे २१ गुण दिसतात, पण सगळ्या डावांची बेरीज ३५ येते. खरा आकडा कोणता? (देवगड)

दोन्ही खरे. २१ हे सामन्यांचे गुण आणि ३५ हे डावांचे.

ऑलिम्पियाडमध्ये एका सामन्यात चार पट असतात. डाव जिंकला की एक गुण, बरोबरीत सुटला की अर्धा. चार पटांची बेरीज अडीच किंवा त्याहून जास्त झाली की सामना जिंकला आणि संघाच्या खात्यात २ गुण जमा झाले. दोन-दोन झालं तर दोन्ही संघांना १-१. अकरा फेऱ्या, म्हणजे जास्तीत जास्त २२ गुण. भारताच्या खुल्या संघाने दहा सामने जिंकले आणि नवव्या फेरीत उझबेकिस्तानशी बरोबरी केली. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या अमेरिका आणि उझबेकिस्तानचे गुण १७ होते. चार गुणांचं हे अंतर फार मोठं आहे.

बेरीज पडताळून पाहायची असेल तर निकाल असे: मोरोक्को आणि आइसलँड चार-शून्य, हंगेरीचा 'ब' संघ आणि सर्बिया साडेतीन-अर्धा, अझरबैजान आणि हंगेरी तीन-एक, चीन अडीच-दीड, इराण साडेतीन-अर्धा, उझबेकिस्तान दोन-दोन, अमेरिका अडीच-दीड, स्लोव्हेनिया साडेतीन-अर्धा. एकूण ४४ पैकी ३५.

क्रमवारी सामन्यांच्या गुणांवर लावायची पद्धत २००८ च्या ड्रेस्डेन ऑलिम्पियाडपासून आली. त्याआधी डावांच्या गुणांवर क्रम लागायचा. तेव्हा दुबळ्या संघाला चार-शून्य धुतलं की मोठी कमाई व्हायची आणि तगड्या संघाला अडीच-दीड हरवूनही हाती फारसं लागायचं नाही. आता दोन्हींचे दोनच गुण.

हा फरक किती खोल जातो ते दहाव्या फेरीत दिसलं. समोर अमेरिका, स्पर्धेतली पहिल्या मानांकनाची. दुसऱ्या पटावर प्रज्ञानंद वेस्ली सोकडून हरला. गुकेशने कारुआनाला हरवलं, अर्जुन एरिगैसीने डोमिंगेझला हरवलं आणि चौथ्या पटावर विदित गुजराथीने आरोनियनशी बरोबरी केली. अडीच-दीड. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत अर्थातच गुकेश आणि अर्जुनची नावं मोठी होती. पण विदितच्या त्या पटावर हार झाली असती तर सामना दोन-दोन सुटला असता. म्हणजे पटावरच्या अर्ध्या गुणाची किंमत तक्त्यात एक अख्खा गुण होती. ऑलिम्पियाड पाहताना आधी चौथा पट पाहावा, असं आमचं वाचकांना आग्रहाचं सांगणं आहे.

प्रश्न : या संघांत महाराष्ट्रातले कोण कोण होते? (अलिबाग)

खुल्या संघात नाशिकचा विदित गुजराथी आणि महिला संघात नागपूरची दिव्या देशमुख. महिला संघाचे कर्णधार ग्रँडमास्टर अभिजित कुंटे पुण्याचे. २०२२ च्या चेन्नई ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या 'ब' संघाने कांस्य जिंकलं, त्यात नागपूरचा रौनक साधवानी होता. त्याच वर्षी कांस्य मिळवणाऱ्या महिला संघात बांद्यापलीकडच्या गोव्याची भक्ती कुलकर्णी होती. मुळं शोधायची तर मुंबईच्या खाडिलकर भगिनींपर्यंत जावं लागतं. जयश्री खाडिलकर १९७९ मध्ये भारताच्या पहिल्या महिला इंटरनॅशनल मास्टर झाल्या.

प्रश्न : तेव्हा अर्जुनचं रेटिंग गुकेशपेक्षा जास्त होतं. मग तो तिसऱ्या पटावर कसा? हे नियमात बसतं का? (चिपळूण)

पूर्णपणे बसतं. रेटिंगच्या, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याच्या, उतरत्या क्रमानेच बसवायचं असं बंधन नाही. चार खेळाडू आणि एक राखीव, यांचा क्रम स्पर्धेआधी लिहून द्यावा लागतो. एकदा दिला की अखेरपर्यंत तोच. खुल्या संघाचा क्रम गुकेश, प्रज्ञानंद, अर्जुन, विदित आणि राखीव हरिकृष्ण असा होता.

तिसऱ्या पटाचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. पहिल्या पटावर प्रत्येक देशाचा सर्वोत्तम खेळाडू भेटतो. त्याची ओपनिंगची तयारी खोल असते, त्यामुळे काळ्या मोहऱ्यांनी खेळताना बरोबरी हासुद्धा तिथे चांगला निकाल. तिसऱ्या पटावर येईपर्यंत बहुतेक देशांची ताकद उतरलेली असते. तिथे पांढऱ्या आणि काळ्या दोन्ही मोहऱ्यांनी जिंकायलाच बसणारा खेळाडू असला की जवळजवळ दर फेरीत एक गुण धरून चालता येतं. अर्जुनने अकराही डाव खेळून १० गुण मिळवले. तरीही ही चाल फळली ती पहिल्या पटावर गुकेश १० डावांत ९ गुण घेऊन उभा होता म्हणून. पहिला पट गळत असेल तर तिसऱ्याची कमाई वरची गळती भरण्यातच जाते. दोघांनाही आपापल्या पटाचं वैयक्तिक सुवर्ण मिळालं.

रंगांचा पेच मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सामन्याच्या जोडीत ज्या संघाचं नाव आधी, त्याच्याकडे पहिल्या आणि तिसऱ्या पटावर पांढरी मोहरी आणि दुसऱ्या व चौथ्यावर काळी. एखाद्याला विश्रांती दिली की त्याच्या खालचे सगळे एकेक पट वर सरकतात आणि राखीव खेळाडू शेवटी बसतो. म्हणजे पट बदलला की रंगही बदलला. पहिल्या फेरीत गुकेशला विश्रांती होती, तेव्हा अर्जुन दुसऱ्या पटावर बसला. मोरोक्कोसमोर याने काही बिघडत नाही. पण चीनसमोर दुसऱ्या पटाच्या खेळाडूला विश्रांती द्यायची ठरवलं तर तिसऱ्या आणि चौथ्याचे रंग उलटतात आणि ज्या रंगाची तयारी करून ठेवली ती वाया जाते. कोण दमलंय यासोबत रंग कोणाचे उलटतील हेही पाहावं लागतं. चौथ्याला विश्रांती दिली तर मात्र वरच्या तिघांना काहीच धक्का लागत नाही. राखीव खेळाडू बहुतेक वेळा चौथ्याच्या जागी का येतो, त्याचं उत्तर हे.

प्रश्न : कर्णधार स्वतः खेळत नाही. मग तो नुसता फेऱ्या मारत असतो का? (मालवण)

फेऱ्या मारतो आणि चारही पट एकत्र पाहतो. खेळाडूला ते जमत नाही, कारण तो आपल्या डावात बुडालेला असतो. बुडापेस्टला खुल्या संघाचे कर्णधार श्रीनाथ नारायणन होते. फेरीआधी कोण खेळणार ते ठरवून ठरलेल्या वेळेत कळवणं, समोर कोण येईल याचा अंदाज बांधून तयारी करून घेणं आणि फेरी सुरू झाल्यावर बरोबरीबद्दल सल्ला देणं, ही त्यांची कामं.

सल्ल्याची मर्यादा कडक आहे. 'बरोबरी विचार', 'बरोबरी घे', 'डाव सोड' इतकंच कर्णधाराला सांगता येतं. 'घेऊ का?' असं खेळाडूने विचारलं तर हो, नाही किंवा 'तू ठरव'. पटावरच्या स्थितीबद्दल एक अक्षर नाही, डोळ्यांची खूणसुद्धा नाही. शिवाय दोघांच्या ३० चाली होण्याआधी आपसांत बरोबरी ठरवता येत नाही.

आता एक नमुना घ्या. संघ दीड-अर्धा पुढे आहे, दोन पट चालू आहेत. तिसऱ्यावर आपला खेळाडू एका प्याद्याने पुढे आहे, पण घड्याळात दोनच मिनिटं उरलीत. चौथ्यावर हत्तींच्या अंतखेळात आपण एका प्याद्याने मागे आहोत. तिसऱ्या पटाचा प्रतिस्पर्धी बरोबरी विचारतो. घेतली की आपले दोन गुण झाले, सामना हरण्याची भीती संपली, पण जिंकायला चौथ्यावरून अर्धा गुण आणावाच लागेल. इथे नवखा कर्णधार तिसऱ्या पटाकडे पाहून हो म्हणतो. पाहायला हवं चौथ्याकडे. तिथे सगळी प्यादी एकाच बाजूला असतील आणि आपला राजा प्याद्यांच्या समोर असेल तर हत्तींचा अंतखेळ बहुधा वाचतो, तेव्हा बरोबरी घ्यावी. समोरचं प्यादं मोकळं सुटलं असेल आणि आपला राजा पटाच्या पलीकडे अडकला असेल तर चौथा गेला असं धरावं, तिसऱ्यावर बरोबरी नाकारावी आणि दोन मिनिटांत जिंकण्याचा प्रयत्न करावा. दर चालीला ३० सेकंद वाढून मिळतात, त्यामुळे दोन मिनिटं वाटतात तितकी कमी नसतात.

प्रश्न : महिला संघ पोलंडकडून हरला होता, तरी सुवर्ण कसं मिळालं? (रोहा)

अकरा फेऱ्यांतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच, म्हणून थोडं सविस्तर.

संघ असा होता: हारिका द्रोणवल्ली, वैशाली, दिव्या देशमुख, वंतिका अगरवाल आणि राखीव तानिया सचदेव. पहिले सातही सामने जिंकून १४ गुण झाले होते. आठव्या फेरीत पोलंडने दीड-अडीच हरवलं. दिव्या जिंकली, वंतिकाने बरोबरी केली, पण पहिले दोन्ही पट गेले. नवव्या फेरीत समोर अमेरिका. तिथेही सामना हातून निसटत होता, वंतिकाच्या विजयामुळे दोन-दोन झाला. दोन फेऱ्यांत चार गुणांपैकी एक. इतक्या उशिरा अशी घसरण झाली की संघ बहुधा पदकातूनच बाहेर जातो.

गेला नाही, कारण दहाव्या फेरीत चीनविरुद्ध तीन पट बरोबरीत राखले आणि दिव्याने आपला डाव जिंकला. अडीच-दीड. शेवटच्या फेरीआधी भारत आणि कझाकस्तान दोघेही १७ गुणांवर होते. भारताने अझरबैजानला साडेतीन-अर्धा हरवून १९ केले, कझाकस्तानला अमेरिकेने दोन-दोनवर रोखलं आणि ते १८ वर थांबले. अमेरिका १७ गुणांसह तिसरी.

पहिल्या मानांकनाचा संघ आठव्या-नवव्या फेरीत अडखळतो तेव्हा पुढच्या सामन्यात चारही पटांवर जिंकायला धावण्याचा मोह होतो. चीनसमोर तसं झालं नाही. ज्या पटावर डाव समतोल होता तिथे तो समतोल ठेवला. दिव्याने स्पर्धेत ११ पैकी साडेनऊ आणि वंतिकाने ९ पैकी साडेसात गुण मिळवले, दोघींनाही आपापल्या पटाचं सुवर्ण. म्हणजे इथेही संघाचा कणा तिसऱ्या-चौथ्या पटावरच होता.

दोन वर्षांपूर्वी चेन्नईला याच्या उलट घडलं होतं. भारताचा महिला संघ शेवटच्या फेरीत आघाडीवर गेला, तिथे अमेरिकेकडून एक-तीन हरला आणि कांस्यावर थांबला. तो अनुभव घेतलेल्या हारिका, वैशाली आणि तानिया बुडापेस्टच्या संघातही होत्या.

याच वाचकांनी विचारलं आहे की दोघांचे गुण सारखे राहिले असते तर? तेव्हा प्रत्येक प्रतिस्पर्धी संघाचे स्पर्धेअखेरचे सामना-गुण घ्यायचे, त्यांना आपण त्या संघाविरुद्ध मिळवलेल्या डाव-गुणांनी गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. सर्वांत कमी गुणांचा एक प्रतिस्पर्धी वगळायचा. शेवटी १६ गुणांवर राहिलेल्या संघाला तीन-एक हरवलं असेल तर त्याचे ४८. नऊ गुणांवर राहिलेल्याला चार-शून्य हरवलं तरी ३६च. अडीच गुण होऊन सामना खिशात आला म्हणून उरलेला डाव कसाबसा उरकू नये, तो अर्धा गुण या गुणाकारात लागतो. २०२४ मध्ये खुल्या गटात अमेरिकेला रौप्य आणि उझबेकिस्तानला कांस्य मिळालं ते अशाच हिशेबावर.

प्रश्न : जगज्जेतेपदाच्या शेवटच्या डावात डिंगने हत्तींची अदलाबदल करू दिली. 'अदलाबदल केली की बरोबरी जवळ येते' असं मुलांना शिकवतात. मग चुकलं काय? (गुहागर)

हा प्रश्न संघाबाहेरचा आहे, पण फार चांगला आहे. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, चीनचा जगज्जेता डिंग लिरेन विरुद्ध गुकेश. तेरा डावांनंतर साडेसहा-साडेसहा. चौदाव्या डावात दोघांकडे एकेक हत्ती, एकेक पांढऱ्या घरांचा उंट आणि सगळी प्यादी राजाच्या बाजूला. गुकेशकडे काळी मोहरी आणि एक प्यादं जास्त. डिंगने चिकाटीने बचाव केला असता तर ही बरोबरी होती.

५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर (अक्षर उभ्या ओळीचं, आकडा आडव्या ओळीचा) ठेवला. गुकेशने तो मारला, डिंगच्या राजाने उलट मारला आणि गुकेशने उंट डी५ वर आणून ठेवला. आता पट लावून पाहा. पांढऱ्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात आहे. कोपऱ्यातल्या उंटाला एकच कर्ण असतो, ए८ ते एच१. त्याच कर्णावर डी५ ला काळा उंट येऊन बसला आणि त्याच्या पाठीशी ई५ वर काळा राजा. पांढरा उंट बी७ किंवा सी६ वर गेला तरी मारला जातो, हललाच नाही तरी मारला जातो. मारामारी करण्यावाचून इलाज नाही. उंट गेले, काळा राजा डी५ वर आला. पांढरा राजा ई३, काळा राजा ई५. दोन राजे समोरासमोर, मध्ये एक घर आणि चाल पांढऱ्याची. पांढऱ्याला बाजूला व्हावंच लागतं आणि काळा आत शिरतो. डिंगने तिथेच डाव सोडला.

मुलांना शिकवायचा नियम असा पुरा सांगा: प्यादं कमी असेल तर प्यादी मारामारीत घालवा, मोहरी राखा. सगळी मोठी मोहरी गेली की एका जादा प्याद्याची ताकद सर्वांत जास्त असते. आणि अदलाबदल करण्याआधी कोपऱ्यातलं मोहरं बघा, पुढची सक्तीची अदलाबदल बहुधा तिथूनच निघते.

प्रश्न : मुलीला रेटिंग मिळवायचं आहे. एका डावाने किती फरक पडतो? (रत्नागिरी)

पहिलं रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव लागतात. १ मार्च २०२४ पासून फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, यादीतलं सर्वांत कमी रेटिंग १४०० केलं आहे. अठरा वर्षांखालच्या आणि २३०० च्या आतल्या खेळाडूंना गुणक, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा, ४० असतो. समोरचा बरोबरीचा असेल तर जिंकल्यावर २० वाढतात, हरल्यावर २० जातात, बरोबरी झाली तर काहीच बदलत नाही. समोरचा २०० ने वर असेल तर जिंकल्यावर ३०.४ वाढतात, बरोबरीनेही १०.४ वाढतात आणि हरलं तर ९.६ जातात. म्हणून मुलांना वरच्या खेळाडूंशी खेळू द्यावं, हरण्याचा खर्च तिथे कमी असतो. दर शनिवार-रविवारी गाडी पकडून एका स्पर्धेतून दुसरीत नेणं मात्र आम्हाला पटत नाही. हरलेला डाव घरी लावून पाहायला वेळच उरत नाही.

प्रश्न : सावंतवाडीचा लाखकामाचा सेट घरात आहे. त्यावर सराव चालेल का? पावसाळ्यात पट खराब होतात, त्यावर उपाय? (सावंतवाडी)

तो सेट दर्शनी कपाटात जपा, सराव वेगळ्या सेटवर करा. लाखेच्या चकाकीवर ट्यूबलाइटचा उजेड पडला की तासाभरात डोळे शिणतात. स्पर्धेला निस्तेज, एक गडद आणि एक फिका असा सेट लागतो. राजाची उंची साधारण साडेनऊ सेंटिमीटर, प्याद्याची पाच, घराची बाजू पाच ते सहा. जोड बरोबर आहे का ते पाहायचं तर एका घरात चार प्यादी ठेवून बघा, ती नेमकी मावायला हवीत. घरी लहान सेटवर सराव केलेल्या मुलाची नजर स्पर्धेच्या मोठ्या पटावर लांबच्या कर्णांना चुकते, ते याचमुळे.

दमट हवेत लाकडी घडीचा पट बिजागरीजवळ फुगतो आणि मोहरी डुगडुगतात. कोकणात रोजच्या वापराला व्हिनाइलचा गुंडाळायचा पट आणि वजनदार प्लॅस्टिकची मोहरी बरी. लाकडी मोहऱ्यांच्या तळाच्या फेल्टला बुरशी धरते. कोरड्या ब्रशने झाडून सावलीत पंख्याखाली ठेवा. उन्हात टाकू नका, लाकूड तडकतं. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. डिजिटल घड्याळ महिनाभर लागणार नसेल तर सेल काढून ठेवा, ते पाझरले की आतले संपर्क गंजतात.

प्रश्न : आमच्या वाडीत चार पोरां बरी खेळतत. गणपतीत चार पटांची स्पर्धा करूचो इचार आसा. कोणाक पयल्या पटार बसवूचा आणि एका दिवसात कितके फेरे होतत? (वेंगुर्ला)

जरूर करा. सहा संघ घ्या, हा आकडा सोयीचा आहे. पाच फेऱ्यांत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो, त्यामुळे जोड्यांवरून वाद होत नाहीत. २४ खेळाडू, म्हणजे १२ पट आणि १२ घड्याळं. प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद. साठ चालींचा डाव धरला तर प्रत्येकाची २५ आणि दोघांची मिळून ५० मिनिटं होतात. फेरीला सव्वा तास धरा. सकाळी साडेनऊला सुरू केलं की दुपारच्या जेवणाला तासभर देऊनही साडेपाचच्या आत स्पर्धा संपते, संध्याकाळची आरती चुकत नाही. घड्याळं कमी पडली तर मोबाइलवरचं घड्याळ चालेल, पण फोन विमान मोडवर टाकून आणि चार्ज करून. डावाच्या मध्येच घरचा फोन आला की तो डाव पुन्हा जुळत नाही.

टेबलं एका रांगेत लावा. एक संघ एका बाजूला, दुसरा समोर. मोहरी मात्र आलटून पालटून, पहिल्या आणि तिसऱ्या पटावर एका संघाकडे पांढरी, दुसऱ्या आणि चौथ्यावर दुसऱ्याकडे. एकाच बाजूला चारही पांढऱ्या लावणं ही गावच्या स्पर्धांत सर्रास दिसणारी चूक, त्याने एका संघाला चारही पटांवर पहिली चाल मिळते.

क्रम लावताना सर्वांत तगडं पोर पहिल्यावर ही सुरुवात ठीक आहे. पण एक डाव हरला की पुढचा डाव ज्याचा बसत नाही, त्याला पहिल्यावर बसवू नका, तिथे हार ठरलेलीच असते. खालच्या खेळाडूंना हमखास हरवणारा तिसऱ्यावर. चौथ्यावर उरलेला म्हणून कोणालाही ढकलू नका. न घाबरता बरोबरी राखणारा, हत्तींचा आणि प्याद्यांचा अंतखेळ येणारा तिथे हवा. त्याच्याकडून महिनाभर दोनच गोष्टी घोटवून घ्या: राजा आणि एक प्यादं विरुद्ध राजा, आणि हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती.

एखाद्या फेरीला पोर आलंच नाही तर खालची पोरं वर सरकवा आणि चौथा पट रिकामा ठेवा. मधला पट रिकामा ठेवून चालत नाही. क्रमाचा कागद चारही नावांसह पहिल्या फेरीआधी पंचाकडे द्या आणि त्याची एक प्रत भिंतीवर चिकटवा.